पैसे ताब्यात आल्यावर ओळखपत्र मागणारी क्रिप्टो स्वॅप सेवा

पाचपैकी एक तारा. स्वॅप, म्हणजे एका क्रिप्टो नाण्याची दुसऱ्याशी अदलाबदल, अडला नाही तर खरोखर झटपट होतो, त्यासाठी तो एक. बाकीचे चार का कापले ते सविस्तर लिहिते, कारण या सेवेची जाहिरात सध्या मराठी मुलामुलींच्या फोनवर सारखी फिरते आहे.

सेवेचं नाव लिहीत नाही. ज्या मुलीचे पैसे अडकले तिचा कंपनीशी पत्रव्यवहार अजून चालू आहे, हे एक कारण. दुसरं असं की याच धाटणीच्या इतर सेवांच्या अटीही मी वाचल्या आणि तीच मेख तिथेही सापडली. एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या चांगल्या, असा समज होईल.

मी बँकेतून निवृत्त झाले. रिझर्व्ह बँकेने २००२ मध्ये ‘ग्राहकाला ओळखा’चे, म्हणजे केवायसीचे नियम बँकांना लावले तेव्हा मी काउंटरवर होते. त्याआधी खातं उघडायला जुन्या खातेदाराने परिचयाची सही केली की काम भागायचं. १ जुलै २००५ पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला आणि कागदांचं वजन वाढलं. नोकरीची शेवटची वर्षं मी अनुपालन विभागात संशयास्पद व्यवहारांचे अहवाल तयार करण्यात घालवली. आता नाशिकला घरीच प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देते. माझ्याकडे येणाऱ्यांत घरून काम करणारी तरुण मंडळी बरीच आहेत, त्यामुळे क्रिप्टोचे व्यवहार समजून घ्यावेच लागले.

त्यांतलीच एक चित्रकार. परदेशातल्या एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओसाठी ती पात्रं रंगवते आणि स्टुडिओ तिला लाइटकॉइनमध्ये पैसे देतो. लाइटकॉइनचा भाव रोज हलतो, म्हणून ते लगेच डॉलरशी बांधलेल्या यूएसडीटीत बदलावेत असं तिला वाटलं. इन्स्टाग्रामवर तिला एक मराठी रील दिसली. “ना लॉगिन, ना केवायसी, पाच मिनिटांत स्वॅप,” असं तो मुलगा सांगत होता. खाली लिंक होती आणि लिंकला त्याचा कोड जोडलेला होता. अशा दुव्यावरून झालेल्या प्रत्येक स्वॅपमागे दुवा देणाऱ्याला हिस्सा मिळतो. रीलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

सेवेचं पहिलं पान मी स्वतः नीट पाहिलं. मोठ्या अक्षरांत चार दावे आहेत: नोंदणी लागत नाही, मर्यादा नाही, छुपं शुल्क नाही, आणि ‘नॉन-कस्टोडियल’, म्हणजे तुमची नाणी आम्ही आमच्या ताब्यात ठेवत नाही. ‘केवायसी नाही’ हे शब्द कंपनीने कुठेही लिहिलेले नाहीत. ते काम रील करणाऱ्यांवर सोडलेलं आहे. ज्याला खातं उघडावं लागत नाही त्याला कागदही द्यावे लागणार नाहीत, असंच कोणीही समजेल. तसं समजावं म्हणूनच पानाची रचना तशी आहे, असं माझं मत आहे.

वापरायची पद्धत सोपी आहे. कोणतं नाणं देणार, कोणतं घेणार ते निवडायचं, घेण्याचा पत्ता भरायचा. मग पान तुम्हाला एक ठेव पत्ता दाखवतं आणि तुम्ही आपल्या वॉलेटमधून त्या पत्त्यावर नाणी पाठवता. स्थितीची पट्टी सरकत जाते: ठेव येतेय, पुष्टी होतेय, अदलाबदल होतेय, पाठवलं. परताव्याचा पत्ता भरायची जागाही आहे, पण ती ‘ऐच्छिक’ म्हणून मिटवून ठेवलेली असते. ती उघडून भराच. व्यवहार फसला तर नाणी कुठे परत पाठवायची यावरून वाद घालायला कंपनीला जागा राहत नाही.

त्या मुलीने सुमारे चाळीस हजार रुपयांचे लाइटकॉइन पाठवले. पुष्टीपर्यंत पट्टी सरकली आणि तिथे थांबली. थोड्या वेळाने मेल आला: तुमचा व्यवहार जोखमीच्या तपासणीत अडकला आहे, पुढील गोष्टी पाठवा. पासपोर्टचे दोन्ही बाजूंचे फोटो. हातात पासपोर्ट आणि तारीख लिहिलेला कागद धरून सेल्फी. पैसे कुठून आले याचा पुरावा, म्हणजे स्टुडिओशी झालेला करार, बिलं, पाठवणाऱ्या वॉलेटचे स्क्रीनशॉट. आणि आपल्या वॉलेटमध्ये आत शिरतानाचा व्हिडिओ.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती. “काकू, मी काही चुकीचं केलंय का हो?” एवढंच विचारत होती.

तिने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. ब्लॉकचेनचा माग काढणाऱ्या कंपन्या प्रत्येक नाण्याचा मागचा प्रवास तपासून त्याला जोखमीचा आकडा देतात. ते नाणं मागे कधी जुगाराच्या संकेतस्थळावरून, मिक्सरमधून (माग लागू नये म्हणून अनेकांची नाणी एकत्र मिसळणारी सेवा) किंवा चोरीच्या वॉलेटमधून गेलेलं असेल तर आकडा वाढतो. लाइटकॉइनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मे २०२२ मध्ये त्यात रक्कम झाकून पाठवण्याची सोय आली आणि पुढच्याच महिन्यात दक्षिण कोरियातल्या मोठ्या एक्स्चेंजेसनी लाइटकॉइन यादीतून काढून टाकलं. स्टुडिओकडून आलेली नाणी अशाच कुठल्या वाटेने आली असतील, असा माझा अंदाज. कंपनीने कारण सांगितलंच नाही. आपल्या हातात येण्याआधी नाणं कुठे कुठे फिरलं हे पैसे घेणाऱ्या चित्रकाराला कसं कळणार?

अटींचं पान मी छापून घेतलं आणि पेन घेऊन बसले. मनी लाँडरिंगविरोधी धोरण तळातल्या बारीक दुव्यामागे आहे. त्यात लिहिलंय की कंपनी आपल्या मर्जीने, कोणत्याही वेळी, कोणताही व्यवहार थांबवून ओळखीची कागदपत्रं मागू शकते आणि ती मिळेपर्यंत निधी रोखू शकते. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. कागद नाकारले तर पैसे परत मिळतील का, तेही नाही. पहिल्या पानावरचे चारपैकी तीन दावे या एका परिच्छेदात संपतात. नोंदणी लागत नाही, पण त्याहून जास्त कागद मागितले जातात. मर्यादा नाही, पण कुठल्याही रकमेला अडवता येतं. आणि ताब्यात ठेवत नाही म्हणता, तर मग रोखता काय?

हा शेवटचा दावा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. युनिस्वॅपसारख्या विकेंद्रित एक्स्चेंजमध्ये अदलाबदल ब्लॉकचेनवरच्या आपोआप चालणाऱ्या करारप्रणालीत एकाच व्यवहारात पूर्ण होते किंवा होतच नाही; मधे कोणा माणसाच्या हातात नाणी नसतात. इथे तसं नाही. ठेव पत्ता कंपनीचा आहे. तुम्ही पाठवलं की नाणी त्यांची, आणि त्यांनी दुसरी नाणी पाठवेपर्यंत तुमच्या हातात फक्त एक व्यवहार क्रमांक उरतो. ब्लॉकचेनवरची रक्कम मागे घेता येत नाही. बँकेने तुमचे पैसे अडवले तर तुम्ही शाखेत जाता, तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता. इथे चॅटची खिडकी आहे आणि सेशेल्समधला एक पत्ता.

कागद मागण्यावर माझा आक्षेप नाही. असता तर माझी सगळी नोकरी व्यर्थ गेली म्हणायची. आक्षेप आहे तो वेळेवर. बँकेत आधी कागद, मग खातं, मग पैसे. गिरणीत दळण टाकून झाल्यावर ‘रेशनकार्ड आणा, मगच पीठ मिळेल’ म्हणावं, तसा हा क्रम आहे. आणि संशय आला तरी बँक काय करते ते मी सांगते, कारण ते काम मी रोज करत होते. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल गुपचूप वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे जातो. ग्राहकाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो. आणि रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट निर्देश आहे की केवळ असा अहवाल पाठवला म्हणून खात्यावरचे व्यवहार रोखायचे नाहीत. गोठवायचं तर सक्षम यंत्रणेचा आदेश लागतो. संशय एका टेबलावर आणि पैसे रोखण्याचा अधिकार दुसऱ्या टेबलावर, अशी ती विभागणी आहे. या सेवेत संशय घेणारा, न्याय करणारा आणि पैसे धरून बसणारा एकच. शिवाय अडकलेल्या काळातल्या भावाच्या चढउताराची जबाबदारीही तो घेत नाही.

अशा सेवा अशा का वागतात तेही शोधलं. यांच्यापैकी अनेकांकडे स्वतःचा नाण्यांचा मोठा साठा नसतो. त्या आतून मोठ्या एक्स्चेंजेसवर सौदा करतात आणि वर आपला टक्का लावतात. आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाने, म्हणजे एफएटीएफने, जून २०१९ मध्ये क्रिप्टो कंपन्यांनाही पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती सोबत नेण्याचा नियम लावला. मोठी एक्स्चेंजेस तो पाळतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबलेल्या छोट्या सेवेलाही पाळावा लागतो. कागद न मागण्याचं वचन देणं तिच्या हातातच नाही, हे तिला जाहिरात लिहिताना ठाऊक असतं.

हीच अडचण दुसऱ्या एका कंपनीने कशी हाताळली ते पाहण्यासारखं आहे. शेपशिफ्ट २०१४ मध्ये एरिक वूरहीस यांनी सुरू केली, आणि खातं न उघडता स्वॅप ही कल्पना तिनेच लोकप्रिय केली. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने सदस्यत्व आणि ओळखीची माहिती मागायला सुरुवात केली. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली की गुन्ह्यांतला सुमारे ९० लाख डॉलरचा पैसा शेपशिफ्टमधून गेला होता. सदस्यत्वामुळे अनेक ग्राहक चिडले, पण निर्णय त्यांना जाहीरपणे, दारातच कळला. ज्याला पटलं नाही तो नाणी न पाठवता परत फिरू शकला. पुढे २०२१ च्या जानेवारीत तिने स्वतः मध्यस्थ राहणंच सोडलं, विकेंद्रित एक्स्चेंजेसकडे व्यवहार वळवले आणि ओळखीची अट काढून टाकली. तीही बदललेल्या रचनेशी जुळणारीच गोष्ट होती.

उलट टोक पाहायचं तर ईएक्सच ही कागद न मागणारी स्वॅप सेवा. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजवरून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर चोरीला गेलं. अमेरिकेच्या एफबीआयने त्याचा दोष उत्तर कोरियावर ठेवला. चोरीतली काही नाणी ईएक्सचमधून फिरत होती आणि बायबिटने ती रोखण्याची विनंती केली तेव्हा ईएक्सचने नकार दिला. ३० एप्रिलला जर्मनीच्या केंद्रीय पोलिसांनी ईएक्सचचे सर्व्हर ताब्यात घेतले, सोबत ३ कोटी ४० लाख युरोचं क्रिप्टो आणि आठ टेराबाइट विदा. म्हणजे जी सेवा खरोखरच कोणाला काही विचारत नाही तिथे तुमचे प्रामाणिक चाळीस हजार चोरांच्या पैशात मिसळतात, आणि एक दिवस सर्व्हरसकट जप्त होऊ शकतात. तपासणी हवीच. तिची कल्पना पैसे पाठवण्याआधी द्या, एवढीच मागणी आहे.

आता आपल्याकडचं. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. कंपनीचं कार्यालय भारतात असो वा नसो, भारतातल्या ग्राहकांना सेवा द्यायची तर एफआययूकडे नोंदणी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने बायनान्स, कुकॉइन, क्रॅकेनसह नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांची संकेतस्थळं इथे बंद झाली. बायनान्सने नंतर नोंदणी केली, १८ कोटी ८२ लाखांचा दंडही तिला झाला. मी जिचं परीक्षण करतेय ती सेवा मराठी रीलमधून मराठी ग्राहक गोळा करते, पण नोंदणीबद्दल चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की आम्ही ‘जागतिक’ सेवा आहोत.

जाहिरातीबद्दलही नियम आहेत. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या प्रत्येक जाहिरातीत ठळक इशारा सांगितला आहे: ही उत्पादनं अनियंत्रित आहेत, अत्यंत जोखमीची असू शकतात आणि नुकसान झाल्यास नियामकाकडे दाद मागता येईलच असं नाही. करन्सी, सिक्युरिटीज, कस्टोडियन, डिपॉझिटरीज हे शब्द वापरायलाही मनाई आहे, कारण लोक ते नियंत्रित उत्पादनांशी जोडतात. त्या रीलमध्ये इशाऱ्याची एक ओळ नव्हती. उलट तो मुलगा म्हणत होता, “यातलं काही बँकेला दिसत नाही, टॅक्सचं टेन्शन नाही.” हे ऐकून मला खरोखर संताप आला. एका क्रिप्टोचं दुसऱ्या क्रिप्टोत रूपांतर हेसुद्धा भारतात हस्तांतरण धरलं जातं. नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएसही आहे. परदेशी स्वॅप सेवा तो कापत नाही, आणि विवरणपत्र भरताना ते ओझं माझ्यासमोर बसलेल्या मुलांवर येतं. रील करणारा तेव्हा तिथे नसतो.

मी स्वतः एक छोटा स्वॅप करून पाहिला, दोनेक हजारांचा. कुठे अडला नाही, पाच मिनिटांतच झाला. ‘छुपं शुल्क नाही’ म्हणतात; मला मिळालेला भाव बाजारभावापेक्षा सुमारे दीड टक्का कमी होता, म्हणजे शुल्क भावातच मिसळलेलं होतं. तेवढं मी समजून घेते, धंदा आहे. पण यातून सेवेच्या पंचतारांकित अभिप्रायांचं कोडं सुटलं. लोक आधी थोडी रक्कम टाकून पाहतात, ती सुटते, ते आनंदाने पाच तारे देतात. मग विश्वासाने मोठी रक्कम टाकतात. एक तारा देणारे जवळपास सगळे मोठ्या रकमेवर अडकलेले आहेत, आणि प्रत्येकाखाली कंपनीचं एकच साचेबद्ध उत्तर: कृपया व्यवहार क्रमांक कळवा. म्हणून थोडं टाकून पाहण्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. सुटलेली छोटी रक्कम पुढच्या मोठ्या रकमेबद्दल काहीच सांगत नाही.

चॅटवर मी नाणी पाठवण्याआधीच सरळ विचारलं होतं की माझा व्यवहार तपासणीत अडकला आणि मी कागद दिले नाहीत, तर मूळ नाणी मूळ पत्त्यावर परत कराल का? उत्तर: असं क्वचितच होतं, काळजी करू नका. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. हो किंवा नाही मिळालं नाही. कोणतीही स्वॅप सेवा वापरणार असाल तर हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. काही सेवा अटींतच लिहितात की तपासणीत न बसलेली नाणी नेटवर्क शुल्क कापून परत जातील. तसं लिहिलेलं नसेल तर पत्ता उघडूसुद्धा नका.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. कागद द्यायचे की नाही यावर आम्ही दोघी खूप बोललो. अनोळखी कंपनीला पासपोर्ट आणि चेहऱ्याचा फोटो देणं मला पटत नव्हतं. तिला महिन्याचं घरभाडं दिसत होतं. शेवटी आम्ही पासपोर्टच्या प्रतीवर ‘फक्त या व्यवहारासाठी’ असं व्यवहार क्रमांकासह आडवं लिहिलं आणि पाठवलं. आधार पाठवू दिला नाही. वॉलेटच्या व्हिडिओत बाकीच्या रकमा झाकल्या. स्टुडिओची बिलं तिच्याकडे व्यवस्थित होती, हे तिचं कौतुक. त्यानंतर आणखी कागद, मग शांतता, मग पुन्हा तोच कागद ‘स्पष्ट नाही’ म्हणून. महिना उलटून गेल्यावर लाइटकॉइन परत आले, स्वॅप न होताच, शुल्क कापून. तोवर भाव उतरला होता. तिचं काही हजारांचं नुकसान झालं आणि ते कोणी भरून दिलं नाही.

कागद पुसून टाका असा मेल आम्ही केला. उत्तर आलं की नियमानुसार ते पाच वर्षं ठेवले जातील. पाच वर्षांचा नियम खरा आहे, बँकांनाही लागू आहे. पण मग पहिल्या पानावर लिहा की आम्ही तुमचा पासपोर्ट पाच वर्षं ठेवू शकतो. कुठल्या देशात, कोणाच्या सर्व्हरवर, हा तिचा पुढचा मेल. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ती आता एफआययूकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर गेली आहे. तिथे पहिल्याच दिवशी पॅन आणि आधारची पडताळणी झाली, तिच्या खात्यात एक पैसा यायच्या आधी. भाव थोडा कमी मिळतो, टीडीएस कापला जातो, पण तो माझ्या तक्त्यात दिसतो. अशी एक्स्चेंजेसही निर्धोक नाहीत. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहक वर्षभराहून जास्त काळ खोळंबले. म्हणून पैसे आले की तिथे साठवू नकोस, बँकेत काढून घे, असं मी तिला सांगितलं आहे.

या सेवेने ठेव पत्ता दाखवण्याआधी, मोठ्या अक्षरांत, मराठी रीलमध्येसुद्धा, ‘आम्ही ओळखपत्र मागू शकतो आणि तोपर्यंत तुमची नाणी रोखू शकतो’ एवढं लिहिलं, आणि कागद नाकारणाऱ्याला नाणी परत करण्याची मुदत ठरवली, तर मी तारे वाढवीन. तोवर एकच.